चाकाचे ओझे आणि रस्त्याचे आयुष्य

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनात आजवर शिक्षण, विवाहातील खर्च, शिष्यवृत्ती निधी अशा विषयांवर विद्वान वक्त्यांची व्याख्याने झाली आहेत. त्या मालिकेत मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक डांबरी रस्त्याचा विषय घेऊन उभा राहिला, हे पाहून कोणास नवल वाटल्यास त्यात वावगे काही नाही. परंतु आपल्या सभासदांच्या यादीवर एकवार नजर टाकावी. तिच्यात मालमोटारींचे मालक आहेत, रस्त्याची कामे घेणारे कंत्राटदार आहेत, बांधकाम खात्यातील अभियंते आहेत आणि ग्रामपंचायतींचे कारभार पाहणारे सरपंचही आहेत. उरलेले आपण सर्व त्या रस्त्याने जाणारे आहोत. तेव्हा विषय परका नाही, आपल्या घरचाच आहे.

माझा एक माजी विद्यार्थी महामार्गाच्या कामावर अभियंता आहे. रस्ता बांधण्यापूर्वी त्याचे आयुष्य संगणकावर कसे मोजतात, हे त्याने मला सविस्तर समजावून दिले. माझी हयात अंकगणित शिकविण्यात गेली असल्यामुळे त्यातील सूक्ष्म भाग सोडला तरी हिशेबाचे मर्म मला उमगले. ते मर्म आपल्यापुढे ठेवावे आणि त्यातून आपल्याकडे येणारे कर्तव्य सांगावे, एवढाच आजचा हेतू आहे.

डांबरी रस्ता म्हणजे एकसंध काळी फरशी नव्हे. तळाशी दाबून घट्ट केलेली माती, तिच्यावर मुरमाचा किंवा तत्सम भरड मालाचा थर, त्यावर खडीचा थर आणि सर्वांत वर डांबर व खडी यांच्या गरम मिश्रणाचे एक किंवा दोन थर, अशी त्याची रचना असते. प्रत्येक थराचे काम एकच. वरून आलेले ओझे पसरवून, सौम्य करून खालच्या थराकडे सोपवावयाचे. मालमोटारीचे भरलेले चाक रस्त्यावर टेकते ती जागा जेवणाच्या ताटाहून लहान असते. हिशेबासाठी धरलेल्या प्रमाण चाकावर सुमारे 2 टन भार असतो आणि तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पावणेसहा किलो या दाबाने रस्त्यावर उतरतो. एवढा दाब ओल्या मातीवर थेट आला तर चाक तेथेच रुतेल. तो मातीपर्यंत पोहोचेतो पुष्कळ पसरलेला असावा, हीच सारी रस्त्याची विद्या होय.

आता हा रस्ता बिघडतो कसा ते पाहू. चाक वरून जाते तेव्हा डांबरी थर किंचित वाकतो. लाकडी पट्टी दोन पुस्तकांवर ठेवून मध्यभागी दाबली, तर तिची वरची बाजू आक्रसते आणि खालची ताणली जाते. तुटावयाची वेळ आली की ती खालूनच तुटू लागते. डांबरी थराचेही तसेच होते. त्याची खालची बाजू प्रत्येक चाकागणिक अत्यल्प ताणली जाते आणि पुन्हा पूर्ववत होते. ताण इतका सूक्ष्म असतो की एका फेरीने काही घडत नाही. पण लाखो फेऱ्यांनंतर तळाशी बारीक भेग पडते, ती वर चढते आणि अखेर पृष्ठभागावर मगरीच्या पाठीसारखे जाळे दिसू लागते. खड्डा आपल्याला वरून दिसतो, पण त्याचा जन्म बहुधा खाली झालेला असतो.

दुसरा बिघाड आपल्या भाषेला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. बैलगाडीच्या लोखंडी धावेने मातीत जी खोल वाट पडते, तिला आपण चाकोरी म्हणतो. डांबरी रस्त्यावरही चाकोरी पडते. तळाच्या मातीवर सोसण्यापलीकडे दाब आला की ती प्रत्येक फेरीस थोडी थोडी बसत जाते आणि वरचे थर तिच्यामागोमाग खाली उतरतात. पावसाळ्यात या चाकोरीत पाणी साचते आणि नाशाचा वेग वाढतो. भेग आणि चाकोरी, या दोन शत्रूंचा आगाऊ अंदाज घेणे हे संगणकाचे काम आहे.

हा अंदाज बांधण्याचा पहिला मार्ग प्रत्यक्ष प्रयोगाचा. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा या गावाजवळ 1958 ते 1960 या काळात एक प्रचंड प्रयोग झाला. तेथे सहा वलयाकार मार्ग बांधून त्यांत निरनिराळ्या जाडीचे 836 तुकडे योजले होते. एका मार्गावर मुद्दाम वाहतूक ठेवली नाही. उरलेल्यांवर लष्करी जवान ठरावीक वजनाच्या मालमोटारी सतत फिरवीत राहिले. सुमारे दोन वर्षांत एकूण 11 लाख 14 हजार आसभार रस्त्यावरून गेले. खर्च 2 कोटी 70 लाख डॉलर आला. त्यातून निघालेला एक निष्कर्ष आजही जगभर वापरला जातो. तो असा की, रस्त्याची हानी आसावरील वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. ती साधारणपणे वजनाच्या चौथ्या घाताने वाढते.

विद्यार्थ्याला सांगावे तसे उदाहरण घेतो. एका आसावर 8 टन वजन असता जी हानी होते तिला 1 म्हणू. वजन 16 टन केले तर हानी दुप्पट होत नाही. ती दोनाचा चौथा घात, म्हणजे 16 पट होते. उलट लहान मोटारीच्या आसावर अर्धा टन वजन असेल, तर तिची हानी याच सूत्राने 65,536 वा भाग येते. म्हणजे 8 टनांचा एक आस जाणे आणि लहान मोटारींचे पासष्ट हजार आस जाणे, रस्त्याच्या दृष्टीने सारखेच. म्हणून रस्ता आखताना अभियंते मोटारगाड्या जमेस धरीत नाहीत. ते अवजड वाहनांचे आस मोजतात. त्यासाठी 80 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 8.16 टनांचा, दोन्ही बाजूंस जोडचाके असलेला आस हे माप ठरलेले आहे. प्रत्येक वाहनाची हानी अशा प्रमाण आसांत बदलून त्यांची बेरीज करावयाची.

परंतु इलिनॉयची माती एक, हवा एक आणि आपली वेगळी. तेथे काय घडले ते प्रयोगाने कळले. ते अन्यत्र लागू करावयाचे तर का घडले हे कळावयास हवे. येथे गणित मदतीस येते. जमिनीवर ओझे ठेवले असता खाली किती दाब पोहोचतो, हे बूसिनेस्क या फ्रेंच गणितज्ञाने 1885 मध्येच दाखविले होते. पण त्याची जमीन एकाच मालाची होती. थरांवर थर असलेल्या रस्त्याचे गणित अमेरिकेतील प्राध्यापक बर्मिस्टर यांनी 1943 मध्ये दोन थरांसाठी आणि 1945 मध्ये तीन थरांसाठी मांडले. ही समीकरणे हाताने सोडविणे इतके कष्टाचे होते की, अभियंत्यांना तयार कोष्टके व आलेख यांवरच विसंबावे लागे. 1963 मध्ये शेव्हरॉन कंपनीच्या संशोधकांनी यासाठी संगणकाचा कार्यक्रम तयार केला. पुढे 1970 नंतरच्या दशकात शेल कंपनीचा बिसार हा कार्यक्रम आला. तेव्हापासून कितीही थर घेतले तरी उत्तर मिळू लागले.

आपल्या देशात इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने डांबरी रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शिका प्रथम 1970 मध्ये काढली. त्या वेळी मातीची शक्ती पाहून तक्त्यावरून जाडी ठरवीत. 2001 च्या आवृत्तीपासून थरांच्या आत काय घडते त्या गणितास स्थान मिळाले. आणि 2012 च्या आवृत्तीबरोबर खरगपूर येथील आयआयटीने तयार केलेला आयआयटीपेव्ह हा कार्यक्रम अभियंत्यांच्या हाती आला. 2018 च्या आवृत्तीतही तोच वापरलेला आहे.

या कार्यक्रमाला काय सांगावे लागते ते ऐका. थर किती, प्रत्येकाची जाडी किती, प्रत्येक थराचा माल दाबास किती दाद देतो, चाकावरील भार किती, टायरमधील हवेचा दाब किती. एवढे सांगितले की क्षणार्धात तो दोन ठिकाणची उत्तरे देतो. डांबरी थराच्या तळाशी ताणले जाण्याचे प्रमाण किती, आणि मातीच्या माथ्यावर दाबले जाण्याचे प्रमाण किती. पहिल्या उत्तरावरून भेगांपर्यंतचे आणि दुसऱ्यावरून चाकोरीपर्यंतचे आयुष्य काढतात. रस्त्याच्या पाचव्या हिश्शावर भेगा पसरल्या किंवा चाकोरी 20 मिलिमीटर खोल गेली, म्हणजे रस्त्याचे आयुष्य संपले असे धरतात. ताण आणि आयुष्य यांना जोडणारी सूत्रे देशातील रस्त्यांच्या निरीक्षणांवरून बसविलेली आहेत.

या आकड्यांची नाजुकता मनात भरते. ताणाचे प्रमाण दहा लाखांत 200 आले असे समजा. म्हणजे एक मीटर लांबी मिलिमीटरचा पाचवा भाग ताणली गेली; डोळ्याला ते दिसणारही नाही. हेच प्रमाण 200 ऐवजी 250 झाले, तर भेगांपर्यंतचे आयुष्य सूत्राप्रमाणे दोन पंचमांशांवर येते. पंधरा वर्षांसाठी योजिलेला रस्ता, वाहतूक तीच राहिली तर, सुमारे सहा वर्षांत थकतो. डांबरी थर आखल्यापेक्षा पातळ घातला, मिश्रण थंड झाल्यावर रोलर फिरविला आणि आत पोकळ्या राहिल्या, खालची खडी नीट दाबली नाही, या प्रत्येक कसुरीने आयुष्य असे घटते. कंत्राटदार बांधवांनी हा हिशेब ध्यानी ठेवावा. वाचविलेल्या बोटभर जाडीची किंमत बोटभर नसते.

मातीची गोष्टही तशीच आहे. मातीची शक्ती मोजण्याची कॅलिफोर्नियात निघालेली एक कसोटी सर्वत्र प्रचलित आहे. मातीत लोखंडी दट्ट्या अडीच मिलिमीटर घुसविण्यास किती बळ लागते ते पाहून प्रमाणभूत खडीशी त्याची टक्केवारी काढतात. नमुना त्यापूर्वी चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात, कारण खरी परीक्षा पावसाळ्यात व्हावयाची असते. आपल्या दख्खनची काळी कसदार माती पिकाला माता आणि रस्त्याला सावत्र आई. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. तिचा आकडा 2 टक्के आला, तर मार्गदर्शिकेच्या सूत्राने तिची ताठरता 20 मेगापास्कल धरावी लागते. 8 टक्क्यांच्या चांगल्या मुरमाळ मातीची सुमारे 67 येते. हा तिपटीहून अधिक फरक वरच्या थरांनी भरून काढावा लागतो. म्हणून रस्त्याकडेचे गटार बुजवून त्यावर ओटा बांधणारा गृहस्थ रस्त्याच्या मुळावरच घाव घालीत असतो. सरपंच मंडळींनी डांबराच्या जाडीइतकीच काळजी पाण्याच्या निचऱ्याची वाहावी.

संगणकाचा हिशेब सर्वज्ञ आहे, असे मात्र कोणी मानू नये. आयआयटीपेव्ह चाकाला स्थिर गोल ठसा मानतो आणि थर सर्वत्र सारखे मानतो. प्रत्यक्षात डांबर हा विलक्षण पदार्थ आहे. थंडीत व वेगवान चाकाखाली तो ताठ वागतो. उन्हाळ्यात आणि संथ चाकाखाली मऊ पडून हळूहळू सरकतो. म्हणूनच घाटाच्या चढणीवर, बसथांब्यापाशी आणि चौकात गाड्या थांबतात तेथे डांबर गोळा होऊन लाटा उठलेल्या दिसतात. हे गुण हिशेबात घेण्यासाठी रस्त्याचे हजारो लहान घटकांत विभाजन करून प्रत्येकाचे समीकरण सोडविणारी अधिक सूक्ष्म पद्धत आहे. ती प्रबळ आहे, पण तिला तितकीच अधिक माहिती पुरवावी लागते. यंत्र कोणतेही असो, आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

आणि येथेच, बंधुभगिनींनो, प्रश्न अभियंत्याच्या टेबलावरून आपल्या दाराशी येतो. या हिशेबातील सर्वांत निर्णायक आकडा कोणता? रस्त्यावरून किती वजनाचे किती आस जाणार, हा. तो आकडा संगणक निर्माण करीत नाही. रस्त्यावर उभे राहून, वाहने मोजून आणि आसांचे वजन करून तो मिळवावा लागतो. वजनाची पाहणी चालू आहे असे कळताच जो मालक आपली जादा भरलेली गाडी आडरस्त्याने नेतो, तो दंड चुकविल्याचे समाधान मानतो. वस्तुतः त्याने यंत्राला खोटी साक्ष दिलेली असते. यंत्र त्या साक्षीवर विश्वासून रस्ता पातळ आखते आणि पुढे त्याच रस्त्यावर त्याच मालकाच्या गाडीचे पाटे तुटतात.

जादा माल भरण्यात व्यवहार आहे, असे आपले मोटारमालक बांधव म्हणतात. त्यांच्या अडचणी मी जाणतो. डिझेल महाग, बँकेचा हप्ता डोक्यावर, आणि व्यापारी बजावतो की इतका माल नेत असाल तर भाडे देतो, नाहीतर दुसरी गाडी उभी आहे. ही अडचण खोटी नाही. परंतु हिशेब पुरा मांडून पाहू. रिकाम्या गाडीचे वजन तूर्त बाजूस ठेवू. आसावर 8 टनांप्रमाणे पाच फेऱ्यांत 40 टन गेले; हानी झाली 5. तेच 40 टन 10 टनांप्रमाणे चार फेऱ्यांत नेले तर प्रत्येक फेरीची हानी 2.44 आणि एकूण 9.77 येते. मालकाची एक फेरी वाचली, पण रस्त्याची हानी जवळजवळ दुप्पट झाली. वाचलेली फेरी त्याच्या एकट्याच्या खिशात गेली आणि तुटलेला रस्ता सर्वांच्या पदरी आला. त्या सर्वांत बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी आपली लेकही आहे आणि सायकलवरून शाळेत जाणारा आपला नातूही आहे.

कायद्यानेही यात लक्ष घातले आहे. 2018 मध्ये चार टायरांच्या एका आसावरील मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली गेली. म्हणजे मर्यादेपर्यंत भरलेला कायदेशीर आससुद्धा जवळजवळ चार प्रमाण आसांइतकी हानी करतो; त्यावर आणखी भार टाकण्यास रस्त्यात जागा उरलेली नाही. 2019 च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत जादा वजनासाठी 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास 2,000 रुपये असा दंड आहे. पण धाकाने पाळलेला नियम पहारा उठताच मोडतो. कारण समजून पाळलेला नियम टिकतो.

शिवाय गणित केवळ निषेध सांगत नाही, वाटही दाखविते. हानी एकूण वजनावर नव्हे, तर ते किती आसांवर वाटले यावर ठरते. मार्गदर्शिकेप्रमाणे जवळजवळच्या दोन आसांवर मिळून 148 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 15 टन, आणि तीन आसांवर मिळून 224 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 23 टन, हे भार एका 80 किलोन्यूटनच्या आसाइतकीच हानी करतात. तेव्हा नवी गाडी घेताना अधिक आसांची घ्यावी आणि माल भरताना तो मागच्या एकाच आसावर न लोटता सारखा पसरावा, यात धंद्याचेही हित आहे आणि रस्त्याचेही. खेड्यातील रस्त्यांविषयी तर विशेष जपावे. त्यांच्यासाठी 2015 ची वेगळी मार्गदर्शिका असून तिच्यातील रस्ते फार तर 20 लाख प्रमाण आसांसाठी योजिलेले असतात. अशा रस्त्यावर वाळू, खडी किंवा ऊस यांची अतिभारित वाहने हंगामभर धावली, तर त्याचे वर्षांचे आयुष्य महिन्यांत संपते.

एकट्या मालकाने व्यापाऱ्याला नकार दिला तर त्याचे भाडे जाते. पण संघटितपणे दिलेल्या नकाराला वजन असते. ज्ञातिसंस्थेचे प्रयोजन तरी याहून निराळे कोणते? ज्या संघटनेच्या बळावर आपण हुंड्याला आणि लग्नातील उधळपट्टीला आळा घालण्याचा प्रयत्न केला, तेच बळ येथेही वापरता येईल. म्हणून मी कार्यकारी मंडळापुढे नम्रपणे तीन सूचना ठेवतो. एक, संस्थेच्या मोटारमालक सभासदांनी प्रत्येक भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन चिठ्ठी जपून ठेवावी आणि मर्यादेबाहेरचा माल कोणीही स्वीकारू नये. दोन, कंत्राटदार सभासदांनी आपापल्या कामावरील थरांची जाडी व दाबणी यांच्या चाचण्यांचे निकाल गावकऱ्यांस पाहावयास खुले ठेवावेत. तीन, संस्थेच्या शिष्यवृत्तीधारक स्थापत्य विद्यार्थ्यांनी दरवर्षी निदान एका गावरस्त्यावरील अवजड वाहनांची गणना करून तिचा तक्ता या स्मरणिकेत प्रसिद्ध करावा.

या तिन्ही गोष्टींना मोठा निधी लागत नाही, प्रामाणिक आकडा लागतो. संगणकाला जात, गोत, ओळख, शिफारस यांपैकी काही कळत नाही. त्याला दिलेला आकडा खरा असेल तर तो खरा रस्ता देतो. तो आकडा खरा असावा ही जबाबदारी आपली आहे आणि आपली ज्ञाती ती पार पाडण्यात मागे राहणार नाही, असा मला भरवसा आहे.